'तुमची मुलगी ग्रीट करत होती'

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे साताऱ्याचे. लग्नानंतर नऊ वर्षं न्यूजर्सीत काढली, मुलीचा जन्मही तिथलाच. यंदा नवऱ्याला ग्लासगोत नोकरी मिळाली आणि ऑगस्ट उजाडायच्या आत आम्ही इथे येऊन पडलो. मला वाटलं होतं, भाषा तर इंग्रजीच, त्यात नवीन काय शिकायचंय? पण रोज काही ना काही फजिती ठरलेली. मुलगी प्रायमरी फोरमध्ये आहे. शाळेतून चिठ्ठी आली, 'प्ले पीस' पाठवा. मी रात्री उशिरापर्यंत तिच्यासाठी नाटकातला एखादा उतारा शोधत बसले. निघाला मधल्या सुट्टीतला खाऊ! वर्गात तिने 'माझ्या पँटला चिखल लागला' म्हटलं, तर पोरं फिदीफिदी हसली. तिला ताप आला त्या रात्री नवरा दुकानं पालथी घालून आला, टायलेनॉल कुठेच नाही. शेजारच्या आजी मला 'हेन' म्हणतात, म्हणजे चक्क कोंबडी.

पण मनाला लागलंय ते वेगळंच. शाळेच्या पहिल्या आठवड्यात फाटकाशी उभ्या असणाऱ्या मदतनीस बाई मला म्हणाल्या, "तुमची मुलगी सकाळी ग्रीट करत होती." मी हसून म्हटलं, "थँक्यू, घरी आम्ही तसं वळणच लावलंय." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. महिन्याभराने कळलं, इथे ग्रीट करणं म्हणजे रडणं.

मुलीला मी आता कोणतं इंग्रजी शिकवू? नवरा म्हणतो, ब्रिटिश शिकव, पण हे ग्लासगोचं गावंढळ बोलणं तिच्या तोंडी बसू देऊ नकोस, उद्या परत अमेरिकेत जायची वेळ आली तर हसं होईल. त्याच्याही ऑफिसात सगळं आलबेल आहे असं नाही, पण तो कबूल करणार नाही. आणि हो, शनिवारी त्या आजींनी 'हाफ फाइव्ह'ला 'टी'ला बोलावलंय. काय घेऊन जाऊ?

— एक आई, ग्लासगो

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बाकीचे प्रश्न थांबू शकतात, आधी त्या मदतनीस बाईंचं बघू. उद्या फाटकाशी त्या दिसल्या की सरळ जवळ जा आणि त्यांच्याच शब्दात विचारा, "ती अजून ग्रीट करते का?" पहिल्या दिवशी शब्द कळला नव्हता, हेही सांगून टाका. लाजू नका. ग्लासगोच्या माणसाला स्वतःच्या बोलीवरून झालेला घोटाळा ऐकायला फार आवडतं, आणि त्या बाईंच्या मनात 'ही कसली आई, पोर रडतंय आणि ही आभार मानतेय' असं काही राहिलं असेल तर तेही निघून जाईल. मुलीलाही हा किस्सा सांगा. आपण रडत होतो हे आईला माहीत असूनही ती काही बोलली नाही, असं तिला वाटलं असण्याची शक्यता आहे. ते मनातून काढणं शब्दांच्या शिकवणीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

हा 'ग्रीट' फार जुना शब्द आहे. रडणं या अर्थाचं हे क्रियापद जुन्या इंग्रजीत होतं. प्रमाण इंग्रजीतून ते गेलं, स्कॉटलंडमध्ये टिकलं. स्वागत करणं या अर्थाचा दुसरा 'ग्रीट' सगळीकडे राहिला. त्यामुळे तुमची चूक म्हणावी अशी ही चूकच नाही. तुम्हाला शब्द माहीत होता, म्हणूनच तुम्ही फसलात. 'प्ले पीस' चमत्कारिक वाटलं तेव्हा तुम्ही निदान शोधाशोध तरी केलीत.

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. ब्रिटिश शब्द एका बाजूला आणि अमेरिकी शब्द दुसऱ्या बाजूला अशी कोष्टकं पाठ करू नका. जो शब्द अजिबात कळत नाही त्याने काही बिघडत नाही. तुम्ही 'म्हणजे काय?' विचारता, विषय संपतो. कुणी 'आज ड्रीख आहे' म्हटलं तर तुम्ही खिडकीबाहेर बघाल आणि करडं, ओलं, मरगळलेलं आभाळ बघून अर्थ आपोआप कळेल. घात करतात ते ओळखीचे शब्द. ते कानावर पडले की आपण विचारतच नाही.

एक नमुना देते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आय डाउट इट'ल रेन," तर छत्री घरी ठेवू नका. अमेरिकेत याचा अर्थ पाऊस येईलसं वाटत नाही. स्कॉटलंडमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी याचा अर्थ, येणार बहुतेक पाऊस. अमेरिकन माणूस इथे भिजतो. मराठी माणसाने खरं तर भिजायला नको, कारण 'मला शंका आहे, त्यानेच घेतलंय' असं म्हणताना आपणही त्यानेच घेतलंय असंच सुचवत असतो.

आता तुमची खरी अडचण. साताऱ्याहून तुम्ही जे इंग्रजी घेऊन निघालात ते बरंचसं ब्रिटिशच होतं. लिफ्ट, पेट्रोल, टॉर्च, नळाला टॅप, रांगेला क्यू, तारखेत आधी दिवस मग महिना, जमिनीलगतचा तो ग्राउंड फ्लोअर. नऊ वर्षांत हे सगळं तुम्ही मेहनतीने माळ्यावर टाकलंत आणि एलेव्हेटर, गॅस, फ्लॅशलाइट, फॉसेट वापरायला शिकलात. आता पुन्हा उलटं. खोडरबराला 'रबर' म्हणायची तिथे चोरी होती, कारण तिकडे तो शब्द निरोधासाठी वापरतात. इथे वर्गात बिनधास्त म्हणा. दवाखान्याच्या पत्रावर ०४/०७ असेल तर ती चार जुलै आहे, सात एप्रिल नव्हे. हे मात्र फ्रिजवर लिहून ठेवा. नऊ वर्षांची सवय नेमकी तारखांत दगा देते.

पण आपलं सगळंच ब्रिटिशांशी जुळतं असं समजू नका. पँट हा शब्द आपण अमेरिकनांसारखा वापरतो. ब्रिटनमध्ये मात्र ती आतली चड्डी, म्हणून पोरं हसली. वरची ती ट्राउझर्स. शाळेने 'व्हेस्ट' आणा म्हटलं तर बनियन द्यायचं. अमेरिकेत व्हेस्ट म्हणजे सुटातलं बिनबाह्यांचं जाकीट. 'जम्पर' म्हणजे इथे स्वेटर, तिकडे लहान मुलींचा बिनबाह्यांचा झगा. कमरेला बांधायच्या छोट्या पाऊचला न्यूजर्सीत जे म्हणतात ते इथे चारचौघांत उच्चारू नका. 'बम बॅग' म्हणा आणि कारण विचारू नका. 'सर्जरी'चंही तसंच. आपल्याकडे सर्जरी म्हणजे ऑपरेशन, अमेरिकेतही तेच. इथे 'नऊ वाजता सर्जरीला या' असा फोन आला तर घाबरू नका, तो नुसता डॉक्टरांचा दवाखाना आहे. आणि 'होमली'! आपल्या लग्नाच्या जाहिरातींत 'होमली मुलगी हवी' म्हणजे घरात रमणारी. ब्रिटनमध्ये तो शब्द उबदार, साध्या घरासाठी शोभतो. अमेरिकेत एखादीला होमली म्हणणं म्हणजे दिसायला बेताची म्हणणं. आपल्या किती मावश्यांनी अमेरिकेतल्या स्थळांना हे विशेषण लावून पत्रं धाडली असतील, देव जाणे.

औषधांबाबत मात्र मी थट्टा करणार नाही. टायलेनॉल इथे मिळणार नाही, पण त्यातलं औषध प्रत्येक दुकानात आहे. अमेरिकेत त्याला असिटामिनोफेन म्हणतात, ब्रिटनमध्ये आणि भारतात पॅरासिटामॉल. आपल्या घरी क्रोसिन म्हणून जे होतं तेच. साध्या दुकानात ते १६ गोळ्यांच्या पाकिटात मिळतं, फार्मसीत ३२ पर्यंत. १९९८ पासूनचा तो नियम आहे, जास्त गोळ्या घेऊन होणारी विषबाधा कमी व्हावी म्हणून केलेला. त्यामुळे दुकानदाराने दोनहून जास्त पाकिटं द्यायला नकार दिला तर तुमच्यावर संशय घेतोय असं समजू नका.

खरी भीती दुहेरी डोसाची. सामानात अमेरिकेतून आणलेली मुलांच्या टायलेनॉलची बाटली असेल, तर त्यात ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम औषध असतं. इथलं कॅलपॉल दोन ताकदींत येतं: लहानग्यांचं ५ मिलिलिटरला १२०, आणि सहा वर्षांवरच्यांचं २५०. म्हणजे 'एक चमचा दे' हे वाक्य तीन बाटल्यांसाठी तीन वेगवेगळे डोस आहेत. जुनी बाटली फार्मसीत नेऊन द्या, ते तिची विल्हेवाट लावतात. मोठ्यांच्या सर्दीच्या गरम पाण्यात घालायच्या पुड्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा पुडीही आणि गोळीही असं करू नका. नाव नवं वाटलं की मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचायचं, आणि तेही कळलं नाही तर काउंटरवर विचारायचं. घरात कुणाला दमा असेल तर एवढं लक्षात ठेवा की अमेरिकेतलं अल्ब्युटेरॉल ते इथलं साल्ब्युटामॉल. ॲलर्जीच्या इंजेक्शनातलं तिकडचं एपिनेफ्रिन इथे ॲड्रेनलिन होतं. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर १११ फिरवा, जिवावरचं असेल तर ९९९. नऊशे अकरा विसरा. आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर पर्स काढू नका, स्कॉटलंडमध्ये २०११ पासून चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात. न्यूजर्सीहून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

शाळेत 'शॉट' हा शब्द तुमच्या मुलीला रोज भेटत असेल. अमेरिकेत वाढलेल्या पोरीला शॉट म्हणजे डॉक्टरची सुई. इथे झोक्यापाशी एखादी मुलगी 'कॅन आय गेट अ शॉट?' म्हणते तेव्हा ती आपली पाळी मागत असते. तुमची लेक गोंधळून गप्प उभी राहिली, तर समोरची समजते की ही शिष्ट आहे, खेळू देत नाही. अशा बारीकसारीक गोष्टींतून मुलं एकटी पडतात. सुईला इथे 'जॅग' म्हणतात. शाळेत फ्लूची लस मात्र बहुधा नाकात फवारून देतात, सही करून पाठवायचा कागद येईलच. 'पीस' म्हणजे मुळात पावाचा तुकडा, सँडविच. डब्यातल्या सँडविचलाही पीस म्हणतात आणि मधल्या सुट्टीचा खाऊ झाला प्ले पीस. वाढदिवसाला 'ज्यूस' देऊ का विचारलं तर ते फळाचंच असेल असं नाही, फसफसणाऱ्या कुठल्याही थंड पेयाला इथे ज्यूस म्हणतात. नारिंगी रंगाचं आयर्न-ब्रू दिलं तर त्यात कॅफीन असतं, रात्री पोरगी झोपली नाही तर कारण तिथे शोधा. आणि 'हाऊ?' असं कुणी एकटंच विचारलं, तर कसं नव्हे, 'का?' असा तो प्रश्न असतो.

एक गोष्ट तिला आवर्जून सांगा, तिच्या अंगात बळ येईल. तिची काही अमेरिकी इंग्रजी इथल्या मुलांना इंग्लंडच्या मुलांपेक्षा जवळची आहे. शाळेच्या शिपायाला ती जॅनिटर म्हणते, स्कॉटलंडमध्येही जॅनिटरच, लाडाने जॅनी. करंगळीला पिंकी म्हणते, तो शब्द स्कॉटलंडचाच. 'गॉटन' म्हटलं म्हणून कुणी टोकलं तर सांगावं की स्कॉट्समध्येही, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वतःच्या बोलीतही, ते आहे आणि इंग्लंडमध्येही एकेकाळी होतंच. अमेरिकनांनी इंग्रजी बिघडवली ही समजूत अर्धीच खरी आहे. नोहा वेब्स्टरने १८२८ च्या कोशात 'कलर'मधला यू मुद्दाम काढून टाकला हे खरं. पण पुष्कळ जागी अमेरिकेने जुनंच जपलं आणि लंडनने बदललं. शरद ऋतूला 'फॉल' म्हणणं इंग्लंडमध्येही एकेकाळी रूढ होतं. मोटारगाडी आली तोवर दोन्ही देश वेगळे होऊन शतक लोटलं होतं, म्हणून तिच्या प्रत्येक भागाला दोन दोन नावं पडली. बॉनेटला हूड, बूटला ट्रंक. (आपण मागच्या बाजूला डिकी म्हणतो, ते आता दोघांनाही कळत नाही.) भाज्यांची नावं ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याकडून आली. इटालियन लोक अमेरिकेत गेले म्हणून तिथे झुकिनी, फ्रान्स जवळ म्हणून इथे कूर्जेट. मेक्सिकोमुळे तिकडे कोथिंबीर सिलांत्रो झाली, इथे पुन्हा कोरिअँडर. ग्लासगोच्या पोलोकशील्ड्स भागातल्या देशी दुकानांत गेलात तर हा प्रश्नच मिटतो, तिथे धनिया आणि भिंडी चालतं.

स्वयंपाकघराचं एवढंच: तुमच्या वहीत न्यूजर्सीहून आणलेल्या पाककृती कपांत आणि फॅरनहाइटमध्ये असतील. तिकडचा ३५० म्हणजे इथला १८० अंश. पाककृतीत 'ब्रॉइल' असेल तर इथल्या शेगडीवर 'ग्रिल'चं बटण फिरवायचं. तिकडचं कॉर्नस्टार्च इथे कॉर्नफ्लोअर, आपल्यासारखंच. 'सायडर' मात्र मुलीला देऊ नका. न्यूजर्सीत हिवाळ्याच्या तोंडावर सफरचंदाचा गढूळ रस त्या नावाने पितात, इथे ती दारू आहे.

घराबाबत तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण कुरियरवाल्याशी वाद होणारच. तुमच्या पत्त्यात ०/१ किंवा २/१ असं काही असेल. पहिला आकडा मजल्याचा, दुसरा त्या मजल्यावरच्या घराचा. शून्य म्हणजे तळमजला. आत शिरल्यावरचा सामाईक बोळ आणि जिना, त्याला 'क्लोज' म्हणतात, शेवटी 'स' ऐकू येतो. दार बंद करण्याशी त्याचा संबंध नाही. 'धिस वीक इट्स युअर टर्न टु वॉश द क्लोज' अशी पाटी दाराला अडकवली तर ती धमकी नाही, जिना पुसायची पाळी तुमची. 'फॅक्टर' नावाचा मनुष्य किंवा कंपनी इमारतीची देखभाल बघते आणि बिल पाठवते, गणितातल्या फॅक्टरशी त्याचं नातं नाही. जुना सोफा टाकायचा असेल तर नगरपालिकेकडे 'अपलिफ्ट' मागवायचा. इथे अपलिफ्ट म्हणजे उचलून नेणं. सोफ्याचं नैतिक उत्थान होईल म्हणून वाट बघत बसू नका.

आता तुमच्या यजमानांचा 'गावंढळ'. इथे माझं मत ठाम आहे. त्यांना ग्लासगोचं बोलणं हे बिघडलेलं इंग्रजी वाटतं, तसं अनेक स्कॉटिश आईबापांनाही वाटायचं. शाळेत 'आय' (म्हणजे 'हो') म्हटलं म्हणून मार खाल्लेली म्हातारी माणसं अजून भेटतील. पण स्कॉट्सला स्वतःचा इतिहास आणि साहित्य आहे. रॉबर्ट बर्न्सने त्यात लिहिलं आणि दरवर्षी २५ जानेवारीला त्याच्या नावाने जेवणं होतात. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं. २०२५ च्या कायद्याने स्कॉटलंडच्याच गेलिक भाषेबरोबर तिलाही अधिकृत दर्जा मिळाला. ती भाषा की बोली यावर अजून वाद घालणारे आहेत, पण हा वाद कोकणीच्या निमित्ताने आपण मराठी लोकांनी इतका घातलाय की त्यात नवीन काही राहिलेलं नाही. आणि ज्या ऑक्सफर्डच्या कोशाला तुमचे यजमान प्रमाण मानत असतील, त्याचे संपादक जेम्स मरे हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या एका खेड्यातले. आपल्या भागाच्या बोलीवर त्यांनी १८७३ साली अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं होतं. एवढ्यावर न थांबता त्यांना सांगा की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचं टिपण जोडणारे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाने मुंबईत कॉलेज आहे, तेही स्कॉटिशच. दुसऱ्याच्या बोलीकडे मन लावून बघायची सवय या लोकांना आहे.

मुलं हे फार सहज सांभाळतात. सिंधुदुर्गातली पोरं घरी मालवणी बोलतात आणि शाळेत प्रमाण मराठीत निबंध लिहितात, कुणाचं काही अडत नाही. तुमची मुलगीही मैदानात ग्लासगोसारखी बोलेल, बाईंसमोर वेगळं, तुमच्याशी मराठी. परत अमेरिकेत गेली तर दोन महिन्यांत तिथल्यासारखी. त्यामुळे 'कोणतं इंग्रजी शिकवू' याला माझं उत्तर: कोणतंच नाही. ते काम मैदान करेल. तुम्ही फक्त घरी आल्यावर विचारा, आज कोणता ओळखीचा शब्द वेगळ्याच अर्थाने ऐकलास? तीच तुम्हाला शिकवेल. लेखनात मात्र स्पेलिंग शाळेचं, म्हणजे ब्रिटिश, ते वहीत बाई बघतील.

यजमानांच्या ऑफिसची काळजी मला जास्त वाटते, कारण ते विचारणार नाहीत. त्यांच्या साहेबाने 'क्वाइट गुड' म्हटलं तर बढती जवळ आली असं समजू नये. अमेरिकनाच्या तोंडी ते 'फारच छान', ब्रिटिशाच्या तोंडी बरेचदा 'ठीक आहे, चालेल'. उलट ग्लासगोत कुणी 'नो बॅड' म्हटलं तर ती मोठी शाबासकी आहे, घरी येऊन पेढे वाटावेत. बैठकीत एखादा विषय 'टेबल' करू या म्हटलं, तर इथे तो चर्चेला घेतात, अमेरिकेत बाजूला ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकाऱ्यांमध्ये या एका शब्दावरून लांबलचक वाद झाला होता आणि दोघांचं म्हणणं मुळात एकच होतं, असं चर्चिलने नोंदवून ठेवलंय. करारात किंवा नियमावलीत 'आउटविथ' दिसलं तर छापखान्याची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नये. बाहेर, पलीकडे या अर्थी तो स्कॉटलंडमधला रोजचा, अगदी सरकारी कागदांवरचाही शब्द आहे. गावंढळ म्हणताना त्यांनी याचाही विचार करावा.

उरल्या त्या आजी. 'हेन' म्हणजे बाळा, पोरी. ग्लासगोत बायकांना मायेने असंच हाक मारतात, बसच्या ड्रायव्हरपासून बँकेतल्या बाईपर्यंत कुणीही. पुरुषांच्या वाट्याला 'पॅल' येतं. कोंबडीचा राग सोडा. उद्या त्या 'मेसेजेस'ला निघाल्या म्हणाल्या तर फोन बघू नका, त्या भाजी-किराणा आणायला चालल्यात. 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणाल्या तर किती दिवस राहणार असं नाही विचारत, आपल्या 'कुठे राहता?'सारखाच तो प्रश्न.

आणि शनिवार. हाफ फाइव्ह म्हणजे साडेपाच. पण 'टी' म्हणजे चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण. पोटभर पोहे खाऊन गेलात तर आजी दुखावतील. आजच त्यांना गाठून काय खाता आणि काय नाही ते स्पष्ट सांगा. त्यांच्या डोक्यात बहुधा 'मिन्स अँड टॅटीज' असेल. टॅटी म्हणजे बटाटे, पण मिन्स म्हणजे इथे न सांगता गोमांसाचा खिमा. शाकाहारी असाल तर आपणहून सुचवा की शाकाहारी हॅगिस चालेल. डाळी, ओट्स आणि भाज्यांचं असतं, सुपरमार्केटात मिळतं, आणि त्यांचा पदार्थ त्यांच्या घरी खाल्ल्याचं त्यांना समाधान. (नाताळात 'मिन्स पाय' पुढे आला तर त्यात मांस नसतं, सुका मेवा असतो, पण चरबी कसली वापरलीय ते पाकिटावर बघा. 'स्कॉच पाय' मात्र खरोखर मांसाचा.) जाताना नारळाच्या वड्या न्या. त्या बदल्यात आजी 'टॅब्लेट' देतील. ती गोळी नाही, साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची रवाळ वडी आहे. डब्यात भरून देतील, डबा धुऊन परत करा, रिकामा नको.